अभंगाचं शेवटचं कडवं

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद सांगितला. संध्याकाळची मालिका मात्र तिला सुटेना. मग पूर्णेतल्या आमच्या घरी ती टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि पडद्यावर काय चाललंय ते मी सांगायचो.

मालिकेतला म्हातारा दवाखान्यात पडून होता. त्याची खाट दिसली की एक जुना अभंग लागायचा. आई रोज सकाळी सडा टाकताना म्हणते तोच. दोन ओळी झाल्या की जाहिराती. अभंग असा अर्ध्यावर तोडतात का, म्हणून ती चिडायची.

मला त्या खाटेकडे बघवत नव्हतं. वडीलही असेच पडून होते. आशा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि मी आईला शेवटपर्यंत ‘बरे होतायत’ म्हणत राहिलो. तिला त्यांचा निरोप घेता आला नाही तो माझ्या भित्रेपणामुळे, हे मला तेव्हापासून खात होतं. तिच्याशी बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

एका संध्याकाळी मालिकेतला म्हातारा गेला. कुणी रडलं नाही, नुसता अभंग चालू राहिला. मी आईला सांगितलं, "उठून बसलाय. पेज प्यायलाय."

अभंग या वेळी दोन ओळींवर थांबला नाही. संत आपलं नाव घालतात ते शेवटचं कडवंही आलं.

"गेला ना रे म्हातारा?" आई म्हणाली. "आज पुरा लावला त्यायनी. तुझ्या बापाच्या टायमालाबी तू असंच सांगायलतास."

"माय, तुला कळलं होतं?"

"तू चहा आणाय गेलतास, तवा त्यायच्या कानाशी पुरा म्हणला मी. शेवटच्या कडव्यापर्यंत. त्यायनी मानबी हलवली."

मग मला का बोलली नाहीस, असं मी कसंबसं विचारलं.

"तू लय मन लावून खोटं बोलायलतास. मोडावं वाटलं न्हाई."

छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले.

"आता खरं सांग," ती म्हणाली, "म्हाताऱ्याच्या सुनेनं काय नेसलंय?"

मी डोळे पुसून नीट बघितलं. हिरवी जरीची साडी, आणि काजळ जराही फिसकटलेलं नाही, असं सांगितलं. आई पाठमोरीच हसायला लागली.