उरलेल्या रंगाची पगडी

"पगडी मी बांधतो खरी, पण ती घेतली कोणी, ते मला अजून कळलेलं नाही," माझे थोरले भाऊ गुरदित्त सिंग एकदा म्हणाले होते.

घेतली आमच्या आजीनं. आईची दोन मुलं पाळण्यातच गेली, तेव्हा तिनं नवस केला, पुढचा मुलगा गुरूचा. म्हणून वीरजींनी, म्हणजे या थोरल्या भावानं, केस राखले आणि मी, तिलकराज, महिन्याला न्हाव्यापुढे बसतो. एक भाऊ शीख, एक हिंदू, तरनतारनच्या आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही.

वीरजी पगड्या रंगवत. "चांगला दिसेल तो रंग द्या," असं गिऱ्हाईक म्हणालं की कापड परत. "जा, ठरवून ये."

"गिऱ्हाईक पळवताय, वीरजी."

"पळत नाही रे, विचार करायला जातंय. तुला सवय नाही त्याची."

स्वतः मात्र संध्याकाळी भांड्यात उरेल त्या रंगात कापड बुडवायचे. कधी मातकट, कधी जांभळट.

बैसाखीच्या आदल्या दिवशी गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी घाईनं आले. उद्या अमृत, म्हणजे पंथाची दीक्षा, द्यायचं होतं आणि ते देणाऱ्या, स्वतः आधी घेतलेल्या पाचांतला एक तापानं पडला होता.

"गुरदित्त सिंगा, पाचवा तू."

"मी अमृत घेतलेलंच नाही, ग्यानीजी."

ग्यानीजी खाटेवर टेकले. वीरजी म्हणजे छातीभर दाढी, तीस वर्षं रोज सकाळी गुरुद्वाऱ्यात जोडे पुसणारा माणूस. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"का रे?"

"तिथं विचारतात, स्वतःच्या मनानं आलास का? काय सांगू, आजीच्या मनानं?"

"सगळं त्याच्याच हुकमानं होतं."

"मग वाकायचं की नाही, हे कोण ठरवतं?"

ग्यानीजी उठले. "पाचवा मी शोधतो. घेणाऱ्यांत यायचं तर ये. बोलवायला कुणी येणार नाही."

मला आई आठवली. रणांगणावर देवानं सारं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, आता नीट विचार कर, मग हवं ते कर. आईला याचंच कोडं. "एवढं सांगून सोडून दिलं की रे त्याला!"

सकाळी वीरजी केस धुऊन, मोकळे सोडून आरशापुढे बसले. शेजारी कापड कापायची कात्री होती. ती त्यांनी उचलली.

"वीरजी, आजीनं..."

"आज आजीला गप्प बसू दे."

एक बट पात्यांमध्ये धरून ते बराच वेळ आरशात पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. नवी चावी कुलपाला लागते का बघावं, तसं काहीतरी.

"म्हणजे कापता येतात," ते म्हणाले, आणि कात्री खाली ठेवली.

मग भांडं घासलं. नवं पाणी, निळा रंग.

"निळा का?"

"मला हवाय."

ओल्या कापडाचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. उन्हात हलवत वाळवलं, लहानपणापासून वाळवत आलो तसं. घडी घालताना नेहमी मला बोलणी बसायची, आज बसली नाहीत. केस बांधून त्यांनी एकेक वेढा सावकाश घेतला, पायात जुती सरकवली आणि गुरुद्वाऱ्याच्या वाटेला लागले.