व्याह्यांच्या ताटातला पीस

माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं, तेही कोंबडी खाऊ घालून.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. आजा मेंढरं राखायचा, बाप मेंढरं राखायचा आणि मी सांगलीत खुर्ची राखतो. (सरकारी आहे, पळून जात नाही.) पण शहरात चार वर्षं काढली की माणसाला शिंगं फुटतात, तशी मलाही फुटली.

सोनलचा साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी घरी मटण-कोंबडीचं जेवण होतं. आमच्यात व्याह्याच्या ताटात लेगपीसच पडला पाहिजे, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र मोठ्या हौसेनं वाढायला उठलो आणि दोन्ही लेगपीस आमच्या ऑफिसच्या साहेबांना घातले! व्याही तायाप्पाअण्णांच्या ताटात पडली पाठ. नुसती हाडं. अण्णा रस्सा प्याले, मिशी पुसली आणि दहिवडीला निघून गेले.

त्यानंतर लग्नाची तारीख विचारली की एकच उत्तर यायचं, "बघू."

दोन महिने "बघू" ऐकल्यावर मध्यस्थानं फोन केला. "आवं, अण्णांच्या ताटात पाठ वाढलीसा तुमी! तारीख कशी निघंल?"

घरात जो दंगा झाला तो सांगत नाही. सोनल रडून रडून लाल झाली. बायको म्हणाली, "त्यांना बोलवा, चांगली गावठी कोंबडी करते, आणि वाढायला मी उठते. तुम्ही नुसतं बसा." सरळ उपाय होता. पण सरळ उपाय मला कधी पटलाय? म्हटलं, घरची कोंबडी कुणीही घालतं. विश्रामबागेत नवीन जपानी हॉटेल निघालंय, तिथं सगळी कोंबडीच असते, निखाऱ्यावर भाजलेली. अण्णांना तिथं न्यायचं. गावभर सांगत फिरतील!

(फिरले. त्याबद्दल वाद नाही.)

अण्णा आणि त्यांची मंडळी हौसाबाई, दोघं आले. मुलगा मुंबईत नोकरीला, त्याला रजा नव्हती. सुटला बिचारा. आत गेलो तर काउंटरपलीकडे एकजण कपाळाला पट्टी बांधून निखाऱ्याला वारा घालत होता. "डोस्कं दुकतंय व्हय रं?" अण्णांनी काळजीनं विचारलं. तोच मालक निघाला, आपला मिरजेचाच. पट्टी म्हणे स्टाइल!

आणि जेवण म्हणजे काय? वीतभर काडीला टोचलेले चार घास. भाकरी नाही, रस्सा नाही. कांदा मागितला तर कच्च्या कोबीची पानं आणून ठेवली!

"ही शेरडांची हायती का आमची?" अण्णांनी पानं उलटीसुलटी करून बघितली.

सोनल माझ्या कानाला लागली. "पप्पा, लेगपीसची काडी सांगा. बाकी काही बोलू नका."

"गप गं. लेगपीस कोण बी देतं." मी मालकाला हाक मारली. "हे आमचे व्याही. तुमच्याकडचं सगळ्यात भारी, सगळ्यात मानाचं जे असेल ते यांना आधी!"

मालक खूश. दोन काड्या घेऊन स्वतः आला. "शेवटच्या दोनच हायत्या साहेब, तुमच्यासाठी काढल्या. एका कोंबडीला एकच निघतंय ह्ये. जपानात ह्येच्यासाठी भांडत्यात."

"कुठला पीस म्हनायचा ह्यो?" अण्णांनी विचारलं.

"शेपूट!"

बायकोनं कपाळाला हात लावला. अण्णांनी ताटली हळूच माझ्याकडं सरकवली.

"पावनं, साखरपुड्याला पाठ घातलीसा. आज त्येच्या बी खाली उतरलासा. आमी ह्ये कुत्र्याला टाकतो! आता लग्नात काय घालनार, पिसं?"

झालं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता हे खरंच मानाचं आहे हे पटवायचं कसं? एकच मार्ग दिसला. म्हटलं, "अण्णा, हे बघा, मी खातो!" आणि एक काडी उचलून खाल्ली. तोंडात टाकलं आणि काय सांगू, बाहेरून कुरकुरीत, आत नुसतं लोणी! अण्णांचा राग विसरून मी शेवटचा तुकडाही ओढला, वर बोटं चाटली.

हौसाबाई बघत होत्या. "आवं, ह्ये एवढं चाटत्यात तर टाका की एक घास. उपाशी जानार हाय का दहिवडीला?"

अण्णांनी नाक मुरडत एक तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबले. दुसरा टाकला. मिशी हलायला लागली. काडी रिकामी झाली तसा त्यांचा हात दुसऱ्या काडीकडं गेला. तिथं नुसती काडी.

"आनखी आन रं."

"संपलं अण्णा," मालक म्हणाला. "दोनच हुत्या."

अण्णा सावकाश माझ्याकडं वळले. "मानाचं म्हनून मला आनलंसा, आन् त्यातलं निम्मं सोताच हानलंसा?"

"अण्णा, तुम्हीच तर म्हणालात, कुत्र्याला..."

बोललो आणि कळलं, काय बोललो ते! अण्णा ताडकन उठले. हौसाबाई उठल्या. बायकोनं देवाचं नाव घेतलं. मी तर लग्न मोडलं असंच धरून चाललो.

तेवढ्यात सोनल वाटेत उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. "मामा, बसा. पप्पांना वाढायची अक्कल नाही, त्याची शिक्षा मला का? मी घरात आल्यावर तुमच्या ताटात काय पडतंय ते मी बघीन. तारीख द्या." आणि मालकाकडं वळून म्हणाली, "लेगपीसच्या सहा काड्या. सगळ्या मामांना."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग खाली बसले. "पोरगी बापावर गेली न्हाई, ब्येस झालं." सहाही काड्या संपवल्या आणि तारीख दिली. अट एकच. लग्नात ह्या माणसानं वाढपाला हात लावायचा न्हाई.

लग्न थाटात झालं. बाकीची कामं वाटून दिलेली, मला काहीच उरलं नव्हतं. शेवटी बायकोनं मला मांडवाच्या दाराशी बसवलं, पाहुण्यांच्या चपला राखायला. म्हणाली, "इथं तरी काही बिघडायचं नाही."

शेकडो जोड्यांतली एकच हरवली. अण्णांची.