डाग कशाचे, ते लेखी द्या

शेठनी अर्धा कापलेला चिकू आमच्या टेबलावर ठेवला. सालीखाली काळी, कडक रेघ दिसत होती.

"सुमनबेन, हे बघ. या महिन्यातली तिसरी तक्रार. व्यापारी म्हणतो, तुमच्या बायकांच्या हातांनी माल खराब होतो. पुढच्या शनिवारी त्याचा माणूस येतोय. त्याला पटलं नाही तर हे टेबल बंद. माल मशीनवर पाठवू."

शेठसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. शेजारची भानूबाई म्हणाली, "आमच्या हातांनी काही होत नाही, शेठ."

"मग कशाने होतं? ते लेखी द्या. मी त्याला दाखवतो."

टेबलावर आम्ही सहा बायका. लिहिता येणारी मी एकटी, तीही चौथीपर्यंत शिकलेली. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमचं काम असं असतं. वाडीतून चिकू कच्चाच उतरवतात. शेडमध्ये तो धुतात, म्हणजे अंगावरची तपकिरी भुकटी निघून जाते. मग तो आमच्या उतरत्या टेबलावर येतो. आम्ही एकेक फळ हाताने फिरवून बघतो आणि मोठा, मध्यम, बारीक असा माल वेगळा करतो. याला सॉर्टिंग म्हणतात. त्यानंतर क्रेट भरतात. कच्च्या फळाला काही लागलं तर तेव्हा कळत नाही. चार-पाच दिवसांनी फळ पिकलं की डाग दिसतो. तोवर माल कुठल्या कुठे गेलेला असतो.

रात्री घरी मी कारणं लिहून काढली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायला लागले. भानूबाईने कानावर पेन्सिल खोचली आणि पालथ्या क्रेटवर शेठसारखी बसली.

"आम्ही नऊ वर्षं हे काम करतो," मी वाचलं.

"तो शुं थयुं? त्यात काय झालं? नऊ वर्षं डाग पाडत असशील."

सगळ्या हसल्या.

"आम्ही हात धुऊन कामाला बसतो."

"कोणी बघितलं?"

"वाडीतूनच माल खराब येतो."

"कशावरून?"

"मावशी," मी म्हटलं, "तू आमच्याच बाजूची ना?"

"आत्ता मी शेठ आहे. कशावरून ते बोल."

एखादी गोष्ट आपल्याला मनापासून खरी वाटते, म्हणजे तेच कारण, असं मी धरून चालले होते. कागदावर चार कारणं होती आणि एकालाही खाली आधार नव्हता. मी सगळी खोडली. मग वर एकच ओळ उरली : आमच्या हातांनी डाग पडत नाहीत. तिच्याखाली काय लिहायचं ते सुचेना.

संध्याकाळी मी धीर करून शेठकडे गेले.

"मला तीस चिकू पाहिजेत. मोठे."

"अर्ज लिहायला चिकू लागतात?"

"कारण बघायला लागतात."

शेठ हसले. "ले जा. चालशे."

मी तीन टोपल्या केल्या. पहिलीत नुसते धुतलेले दहा चिकू, आमचा हात न लागलेले. दुसरीत आम्ही सॉर्टिंग केलेले दहा, हळूच ठेवलेले. तिसरीत सॉर्टिंग करून क्रेटमध्ये भरलेले, वर दुसरा क्रेट ठेवून एक रात्र दाबलेले दहा. माझ्या गावी, गंजाडला, घरी नेऊन सगळे खाटेखाली पिकत ठेवले. माझा अंदाज असा होता की पहिल्या दोन टोपल्या साफ निघतील आणि तिसरी खराब. मग लिहायला सोपं.

गुरुवारी साली काढून बघितल्या. पहिलीत एका चिकूवर डाग होता. तिसरीत सात चिकू एका बाजूने चपटे आणि काळे. इथपर्यंत बरं होतं. पण दुसरीत चार चिकूंवर बारीक, वाकड्या रेघा होत्या. मला वाटलं, माझ्या टोपल्यांची अदलाबदल झाली. मग वाटलं, नखं असतील. नख लावून बघितलं, जुळेना. एकाच फळावर दोन रेघा, अगदी बाजूबाजूला. मी ती फळं शेडवर घेऊन गेले आणि काम करता करता स्वतःच्याच हाताकडे बघत बसले.

उतरत्या टेबलावर फळं घरंगळत खाली येतात. ती अडवायला आम्ही मनगट आडवं धरतो. फळं येऊन बांगड्यांवर आपटतात. मी बांगडी रेघेवर ठेवली. बरोबर बसली.

भानूबाईला दाखवलं. तिने स्वतःची बांगडी रेघेवर ठेवून बघितली. मग म्हणाली, "दुसरी टोपली खाऊन टाक."

"आणि लिहू काय?"

"क्रेटचं लिही. ते तर खरं आहे ना?"

"शेठ विचारतील, चपटे डाग क्रेटमुळेच कशावरून? मग दुसरी टोपली दाखवावी लागेल. चपटे डाग तिच्यात नाहीत, म्हणून तर ते क्रेटचे."

"म्हणजे आपलं भांडण जिंकायला आपलीच चूक दाखवायची? कुठून शिकलीस हे?"

कुठूनच शिकले नव्हते. मलाही ते उलटंच वाटत होतं. लिहिलं तर शेठ म्हणणार, बघा, हातच खराब. नाही लिहिलं तर हातात काही पुरावा नाही.

"आणि हे वाचून शेठ म्हणाले बांगड्या काढा, तर?" भानूबाईचा आवाज चढला. "नवरा धडधाकट असताना मी मोकळ्या हातांनी पाड्यावर जाऊ? लोक मयताला यायला लागतील घरी!"

त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी ती साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालून आली. बाह्यांची बटणं घट्ट लावलेली, बांगड्या आत. शेतात बायका घालतात तसाच.

"लिही आता," ती म्हणाली. "पण माझं नाव घालू नकोस."

मी लिहिलं. मोठा चपटा डाग क्रेटचा आहे, कारण क्रेट काठाच्या वर भरतो आणि वरचा क्रेट फळावर बसतो. बारीक रेघा बांगड्यांच्या आहेत, त्यावर आम्ही शर्ट घालणार आहोत. शर्टाने फरक पडेल असं वाटतं, पण शर्ट घालून हाताळलेलं फळ अजून पिकलेलं नाही. पहिल्या टोपलीतल्या डागाचं कारण माहीत नाही. क्रेट काठाच्या वर भरा असं कोण सांगतं, ते मी लिहिलं नाही. ते शेठच सांगतात.

शनिवारी शेठनी कागद उभ्यानेच वाचला. "बेन, यात तू तुमच्याच विरुद्ध लिहिलंयस."

"हो."

"मग मी त्याला काय सांगू?"

तेवढ्यात तो माणूस आलाच. व्यापाऱ्याच्या माणसाने कागद घेतला आणि तिन्ही टोपल्या मागितल्या. चपटा चिकू दाबून बघितला. बांगडीची रेघ बघितली. मग शेठना विचारलं, "क्रेट एवढे का भरता?"

शेठ म्हणाले, "आता कमी भरू."

टेबल राहिलं. क्रेट दोन बोटं खाली भरतात आणि आम्ही सहाही जणी शर्ट घालतो. तक्रारी कमी झाल्या, बंद झालेल्या नाहीत. आधी म्हणणं पक्कं करून मग कारणं गोळा केली, तर निम्मं म्हणणं बदलावं लागतं, एवढं मला कळलं.

टेबल या हंगामापुरतं आहे, असं शेठ म्हणालेत. पुढच्या हंगामात टेबल का ठेवावं, ते परत लिहायचं आहे. वही घेऊन बसले की पहिलं कारण एकच येतं : आम्हा सहा जणींना हे काम पाहिजे. त्याला कोणी 'कशावरून?' असं विचारणार नाही. तरी शेठना पटवायला ते चालत नाही, आणि का चालत नाही ते मला अजून कळलेलं नाही. तूर्त ओळ लिहून ठेवली आहे. खोडलेली नाही.