खजुरीच्या सुट्टीचे चार दिवस

दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनमधल्या त्या जुन्या व्हिलात मला कोंडल्यासारखं व्हायचं. कोंडल्यासारखं कसलं, कोंडलेलीच होते मी! व्हिसा नवऱ्याच्या नावावर, गाडी नवऱ्याची, मला लायसन्स नाही. सकाळी सातला हे फॅक्टरीत आणि मुलगी शाळेच्या बसने गेली, की मी आणि डोक्याहून उंच भिंत. अंगणात खजुरीची दोन ठेंगणी झाडं होती. स्टुलावर चढलं की शेंड्याला हात पोचायचा.

माझे वडील डहाणूकडे शिंदीची, म्हणजे रानखजुरीची, झाडं छेदून नीरा काढायचे. मी हट्टाने शिकून घेतलं होतं. ते थकल्यावर त्यांचा कोयता मी मागून घेतला आणि साड्यांत गुंडाळून इकडे आणला. मुलगी पहिलीत गेली त्या हिवाळ्यात तो बाहेर काढला.

वडिलांचा नेम कडक होता. वर्षाला एकच बाजू छेदायची, तीही बोटभर. गाभ्याच्या वाटेला जायचं नाही; गाभा गेला की झाड गेलं. तीन दिवस रस घेतला की चार दिवस झाडाला सुट्टी. मडक्याला आतून चुना फासायचा आणि उजाडताच उतरवून लगेच उकळायला ठेवायचं, नाहीतर नीरा आंबते. आंबली की झाली ताडी, आणि परमुलखात ती भानगड कोण निस्तरणार? आटवून आटवून छान काकवी झाली. मुलगी बोटं चाटत म्हणाली, "मॉम, बेटर दॅन मेपल सिरप!" त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

यांनी मित्रांत बढाई मारली. शुक्रवारी दुबईतल्या अल मनखूलहून तीन कुटुंबं जेवायला येणार, असं गुरुवारी कळलं.

"अहो, झाडाची सुट्टी चालू आहे."

"अगं, झाड आहे ते, कामगार नाही!" वर हसले.

संध्याकाळी मी आत घावनांचं पीठ भिजवत होते, तोवर यांनी कोयता घेऊन दुसऱ्या बाजूला चांगला चार बोटं खोल घाव घातला. सकाळी मडकं काठोकाठ भरलेलं. पाहुण्यांनी ताटल्या पुसून खाल्लं. मी तोंड भरून हसत वाढत राहिले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

महिन्याभरात मधला कोवळा झाप पिवळा पडला. मी नुसता धरला, तर सुळकन हातात आला. बुडाशी कुजका वास. स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले.

"सॉरी गं," हे म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "फाटकाजवळचं दुसरं आहे ना, त्याला लाव मडकं."

दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी वडिलांचा कोयता जुन्या पेपरात गुंडाळला आणि फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. पुढच्या हिवाळ्यात यांनी विचारलं, "कोयता कुठे गं?"

"कुणास ठाऊक," म्हटलं.

त्या भिंतींच्या आत मी आणखी आठ वर्षं काढली. फाटकाजवळच्या खजुरीला मात्र कुणालाही हात लावू दिला नाही.