पावडर ह्यांची, ग्लास आमचा

एका घरात औषध आलं की किस्से चार घरांत होतात! ऐंशीच्या सुमाराला सिडनीत, वेस्टमीडला, आमच्याकडे कोलेस्टेरॉलचं औषध आलं आणि माझं बूड काही जागेवर टेकेना. थोरले दीर पन्नाशीतच छातीत कळ येऊन गेलेले. आता ह्यांचं रक्त तसंच निघालं!

आत्तासारखी गोळी गिळली की सुटलो, असं नव्हतं तेव्हा. पावडर! ज्यूसमध्ये ढवळायची. शेजारची वसईची मेरी चाखून म्हणाली, "अगं, ही तर समुद्रावरची वाळू!"

मेरीच्या नवऱ्याला, पास्कलला, कोलेस्टेरॉलवरच पण वेगळं औषध होतं, व्हिटॅमिनची भलीमोठी गोळी. घेतली की तोंड लालबुंद! चर्चमध्ये फादरनी विचारलं, "पास्कल, सकाळी सकाळीच घेतलीस?" मेरी म्हणाली, "फादर, ही डॉक्टरने दिलेली आहे!"

पावडरीने ह्यांचं पोट गच्च. पेपर घेऊन आत गेले की तासभर पत्ता नाही. मी दार बडवायची, "अहो, आहात ना?"

"आहे गं! मी सोडून काहीच बाहेर येणार नाही!"

पावडर दुसऱ्या गोळ्यांना धरून ठेवते, म्हणून बीपीची गोळी तासभर आधी घ्यायची. मी गंमत म्हणून किचनमधला टायमर ह्यांच्या कोटाच्या खिशात टाकला. भर ट्रेनमध्ये ट्रिंग! समोरचा गोरा म्हणाला, "अंडी झाली वाटतं, मेट?" हे म्हणाले, "नो वरीज, मीच उकडतोय!"

पुरणपोळीवर तुपाची धार धरून वर मलाच सांगायचे, "आत पावडर पहाऱ्याला आहे." म्हटलं, "पहारेकरी तूप खाऊन झोपला तर?"

तीन महिन्यांनी आमच्या डॉक्टर नीलाने दोघांचंही रक्त पुन्हा तपासलं. आमच्या पुण्याचीच पोर. ह्यांचा आकडा होता तिथेच! माझा मात्र धाडकन खाली.

"काकू, तुम्ही कसलं औषध घेता?"

"मी? काही नाही बाई!"

"मग काका पावडर घेतात तरी कशी?"

हे म्हणाले, "ही ढवळून देते. मी वरचा अर्धा ग्लास पितो. उरलेला ही संपवते. उष्टं टाकायचं नाही आमच्यात."

"आणि तळाशी काय राहतं, काकू?"

"साका. तो मी चमच्याने खरडून खाते. एवढं औषध टाकायचं कसं?"

नीला हसली नाही. ह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि तिला विचारलं, "पण मग आता हिला काही होणार नाही ना?"