शिंद्यांच्या उशाशी रॉकस्टार

हा किस्सा मीच सांगून टाकतो. कारण मी नाही सांगितला तर आमचे म्हात्रे सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी दर वेळी थोडा जास्तच बावळट होतो. खरं तर तेवढी गरज नाही. मूळ घटनेतच पुरेसा आहे.

आधी एक कबुली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, रसायनशास्त्रातला पीएच.डी., निवृत्त प्राध्यापक, आणि मी रॉकस्टारच्या प्रेमकथा वाचतो. हसा. हसून झालं की पुढे सांगतो.

वाशीच्या फुटपाथवर एकदा एक अनुवाद हाती लागला. नायक रायडर. अंगभर गोंदण, गळ्यात गिटार, डोक्यात राख. नायिका पियानो दुरुस्त करणारी, गरीब आणि फार ठाम. अनुवादकाने 'बेबी'चं सरळ 'बाळा' केलंय, त्यामुळे ऐन भावनेच्या भरात रायडर तिला 'बाळा, मी तुझ्याविना राख आहे' असं म्हणतो. पहिल्या दिवशी मी हसलो. तिसऱ्या दिवशी डोळे पुसत होतो.

का वाचू नये? हॉस्टेलवर असताना शेजारच्या खोलीत रॉकच्या तबकड्या वाजायच्या. ती गिटार किंचाळली की माझ्या पोटात काहीतरी सुटं व्हायचं. पण आमचे गाइड जिन्यात दिसले की मीच पुढे होऊन तबकडी बंद करायचो. आयुष्यभर मी हेच केलं. एक परीक्षानळी फोडली नाही, एका माणसाला उलट बोललो नाही. रायडर दर तिसऱ्या प्रकरणात गिटार आपटून फोडतो आणि तरीही लोक त्याच्यावर प्रेम करतात. मला गिटार नको. मला ते 'तरीही' हवं असतं.

पण हे बोलणार कुणाजवळ? आमच्या नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला सगळे 'सर' म्हणतात. निवृत्तीनंतर शिल्लक राहिलेली एवढीच पदवी. शिवाय मला अध्यक्ष करायचं घाटत होतं. आणि त्याच सुमारास इथल्या स्टेडियमवर परदेशी बँड येणार असं कळल्यावर संघाने आवाजाविरुद्ध तक्रारअर्ज करायचं ठरवलं. तो कोणी लिहिला? मीच. 'सदर कर्णकर्कश प्रकार' हे शब्द माझे.

म्हणून रायडरला मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. आमच्या घरी सगळ्याच पुस्तकांना तसं घालतात, जून महिना आला की हात शिवशिवतात. रायडर माझ्या स्वतःच्या 'उष्मागतिकीची ओळख' या थर्मोडायनॅमिक्सच्या क्रमिक पुस्तकाच्या प्रतींच्या रांगेत, त्याच कागदात, अगदी सज्जनासारखा उभा होता.

आता शिंदे. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात उभा जन्म पोती उचललेले, आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर म्हणाले, पडून पडून जीव विटला, तुम्ही लिहिलेलं पुस्तक द्या. हो, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं होतं. मी धावत वर गेलो, रांगेतून एक प्रत उपसली, चष्मा लावायच्याही आधी त्यांच्या हातात नेऊन ठेवली.

दुपारी रांगेत पाहिलं. रायडर नाही.

प्रत्येक पुस्तक उघडलं. सगळीकडे उष्मागतिकी. म्हणजे मी शिंद्यांना काय दिलं?

दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन गेलो, पुस्तक बदलून आणायचं ठरवून. ते उशाशीच होतं. मी हात पुढे केला, तर त्यांनी उचलून पोटाशी धरलं. म्हणाले, दोन पानं वाचली की घाम फुटतो, पण आता हातात घेतलंय तर तड लावणार. मग आवाज खाली आणून विचारलं, "सर, ह्ये समदं तुमी सोता करून बघितलंय?"

मी म्हणालो, "छे छे. मी फक्त वाचलंय."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, विश्वास बसला नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो. त्यांची सूनबाई दारातच म्हणाली, पप्पा तुमचं पुस्तक हातात घेतलं की अंघोळीलासुद्धा उठत नाहीत. तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, असं मला तरी वाटलं. तिसऱ्या खेपेला शिंदे उठून बसले होते. मला पाहताच त्यांनी पुस्तक उशीखाली सरकवलं.

"रविवारी सभेत ह्याच्यावर चार शब्द बोलनार हाय मी," ते म्हणाले. "तुमी काय मानूस हाय ते संघाला कळू द्या."

संपलं. ज्या सभेत अध्यक्ष निवडायचा, त्याच सभेत रायडर.

तीन रात्री झोपलो नाही. बायकोला, सुधाला, सांगायचा धीर नाही. आजारी पडावं, मुलीकडे पुण्याला जावं, सगळं मनात आलं. पण रविवारी सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं आणि एकदम राग आला. काय गुन्हा केलाय मी? पुस्तक वाचलं. तबकडी बंद करायला पुन्हा मीच धावायचं का?

सभेला गेलो. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मध्ये चिवडा. सचिव म्हात्रे, इथल्याच सारसोळे गावचे, त्यांनी माझं नाव सुचवायला तोंड उघडलं. तेवढ्यात शिंदे पोटाला हात लावून उभे राहिले. दुसऱ्या हातात ते कॅलेंडरचं कव्हर.

मी त्यांच्याआधी बोललो. "शिंदे, बसा. माझं मीच सांगतो. होय, ते पुस्तक माझं आहे. मी रॉकस्टारच्या प्रेमकथा वाचतो. असल्या एकोणीस वाचल्यात. त्यात रायडर तिच्यासाठी स्टेजवरून खाली उतरतो तेव्हा मी रडतो. मला ती गाणी आवडतात, मोठ्या आवाजात आवडतात. आणि म्हात्रे, त्या तक्रारअर्जावरची माझी सही खोडा. तो बँड आला की मी गॅलरीत उभा राहून ऐकणार आहे. ज्यांना सर म्हणायचं नसेल त्यांनी म्हणू नये."

बसलो. खरं सांगू, इतकं मोकळं मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

चिवड्याकडे कोणी पाहत नव्हतं.

शिंद्यांनी सावकाश कव्हर उलगडलं आणि पुस्तक सभेकडे फिरवलं. उष्मागतिकीची ओळख.

"सर," ते म्हणाले, "म्या तर तुमचा सत्कार करनार व्हतो. पोटाला टाकं असताना तीन आठवडं ह्ये वाचलं. रोज दोन पानं. कळत काय बी न्हाई, पन सरांनी विश्वासानं दिलंय म्हनून सोडलं न्हाई. तुमी आला की लपवायचो, किती कमी वाचून झालंय ते दिसू नये म्हनून." मग त्यांचा आवाज बदलला. "आन् तुमच्याकडं घरात ते गिटारवाल्याचं व्हतं व्हय?"

मी एवढंच विचारू शकलो की मग ते आहे कुठे.

बायकांच्या बाजूने सुधा म्हणाली, "तांदळाच्या डब्यामागे. कामवाली रांग पुसते म्हणून तुम्हीच नाही का ठेवलंत गेल्या महिन्यात? मी कधी हलवलं नाही. म्हटलं, लपवण्यात ह्यांना बरं वाटतंय."

हशा कुठून सुरू झाला ते कळलं नाही. अध्यक्ष म्हात्रे झाले. जाता जाता त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, शेवट गोड हाय ना? आमच्या घरात दुखी शेवट चालत नाय."

शेवट मलाच माहीत नव्हता. दोन प्रकरणं राहिली होती. तरीही मी पुस्तक संघाच्या कपाटाला दिलं. भर सभेत एवढं बोलल्यावर पुन्हा तांदळामागे कसं ठेवणार? भरपाई म्हणून पहिला मान शिंद्यांना. त्यांच्यामागे अकरा जणांची यादी लागली. त्यांत सुधाही आहे.

उष्मागतिकीला यादी नाही.

परवा शिंदे बागेत बाकावर वाचत बसलेले दिसले. शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, माझीच दोन प्रकरणं राहिलीत, जरा पाहू द्या.

त्यांनी मान वर केली नाही. पान उलटलं.

"सर, तुमी शिकल्यालं मानूस," ते म्हणाले. "नंबर लावा."