डाव्या डोळ्यातला पिवळा महाल

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बर्फातल्या चौकीवर राहिलेला हा माणूस मोतीबिंदूला घाबरला! मिरजेत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं. पण नंतर भावकी बघायला आली. बिस्किटांचे पुडे घेऊन आली आणि कुणाचा तरी दुसरा डोळा ऑपरेशनात कसा कायमचा गेला, ते तिखटमीठ लावून सांगून गेली. झालं! डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नका, पुढे अवघड होईल, असं डॉक्टर बजावत होते आणि हे जागचे हलेनात. काळा चष्माही उतरवेनात.

मी चित्रकलेची शिक्षिका. वर्गात पोरं माझ्या आवाजानं गप्प बसायची, पण ह्यांच्यापुढे माझं काही चालेना. शेवटी म्हटलं, मरू दे, आणि ह्यांना घेऊन औंधच्या संग्रहालयात लघुचित्रं बघायला निघाले. तिथं गेलं की माझं डोकं शांत होतं. हे एरवी बाहेर झाडाखाली बसतात. त्या दिवशी उन्हाला कंटाळून आत आले. आत उजेड कमी, म्हणून चष्मा काढावाच लागला.

मी काचेला नाक लावून उभी होते. वहीच्या पानाएवढं पहाडी शैलीतलं चित्र. महालाची गच्ची, तिच्यावर राणी. कानशिलावरची एकेक बट खारीच्या केसांच्या कुंचल्यानं काढलेली. गळ्यातले मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे फुगीर ठिपके. बघत राहावं असं काम!

ऑपरेशनच्या डोळ्याला वारं लागू नये म्हणून त्यावर तळहात धरून हे शेजारी वाकले. "म्हाल पिवळा हाय व्हय?"

"आवं, पांढराशुभ्र आहे तो!" मी चिडलेच. "हात काढा आधी."

त्यांनी हात काढून डाव्या डोळ्यावर ठेवला. मग पुन्हा उजवा झाकला. पुन्हा डावा.

"आयला, चुन्यागत पांढरा हाय की! आन मोती... डाव्यानं तर मोतीच दिसत न्हाईत गं."

बराच वेळ ते त्या राणीपुढून हलले नाहीत. मग डावा डोळा झाकूनच माझ्याकडे वळले.

"तुझं केस एवढं पांढरं कवा झालं?"

"तुम्ही बॉर्डरवर होतात तेव्हा," मी म्हटलं. रागानं म्हणायला गेले आणि बट कानामागे सारली.

ते बघतच राहिले. लग्नात तरी इतकं निरखून कुठं बघितलं होतं!

"मिरजेला फोन लाव," ते म्हणाले. "दोनी डोळ्यांनी बघू दे की जरा."